खांब वयानं खचला नव्हता

माझी आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी छताकडे बघायची, मग माणसांकडे. हातात पाण्याचा पेला घेऊन ती बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक करत फिरायची आणि एखाद्या भिंतीचा आवाज तिला आवडला नाही की घरमालकाची धडगत नसायची. "हे कुणी केलं?" असं ती विचारायची ते पोलीस विचारतात तसं. आमच्या एका चुलतकाकांनी हौसेनं काढलेल्या गॅलरीवरून तिनं त्यांना जेवणाच्या ताटावरच असं फैलावर घेतलं की काकूंनी पुढं कित्येक वर्षं आम्हाला बोलावलंच नाही. गॅलरी मात्र काकांनी गुपचूप पाडून नव्यानं बांधून घेतली.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, हे तिला ओळखणारं कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते एका वर्षाबद्दल. त्या वर्षी आमच्या घरात, तिच्या ऑफिसात आणि आमच्या अख्ख्या इमारतीत जो तो दुसऱ्यावर चिडलेला होता. त्यात योग्य माणसांवर चिडलेली तेवढी आत्याच होती, असं माझं अजूनही मत आहे.

ती स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारत कशी दिसावी ते आर्किटेक्ट ठरवतो. ती उभी राहावी म्हणून खांब केवढा हवा, तुळई किती खोल, सळ्या किती, हे ठरवणाऱ्यांतली ती. ज्या फर्ममध्ये तिचं आयुष्य गेलं तिचा मालक कॉलेजात तिच्याच वर्गात होता. चारचौघांत ती त्याला साहेब म्हणायची. केबिनचं दार लागलं की गाढवा म्हणायची. तोही ते चालवून घ्यायचा, कारण फर्मची निम्मी नावाजलेली कामं आत्याच्या हिशेबांवर उभी होती. ऑफिसात शिरल्याशिरल्या काचेच्या पेट्यांत त्यांची छोटी मॉडेल्स मांडलेली होती: नदीवरचा पूल, स्टेडियमचं छप्पर, एक गोल ग्रंथालय. स्टेडियमच्या वेळी गिऱ्हाईकानं छपराचं लोखंड कमी करा म्हणून फारच तगादा लावला, तेव्हा भर मीटिंगमध्ये आत्या त्याला म्हणाली, "कमी करते. पण पहिल्या सामन्याला तुम्ही बरोबर मधोमध बसायचं, बायकापोरांसकट." लोखंड कमी झालं नाही. आत्याची बदली मात्र झाली. साहेबांनी तिला दुरुस्ती विभाग दिला, म्हणजे झेरॉक्स मशीन आणि संडास यांच्या मधली खोली. तिथं ती आणि एक वयस्कर ड्राफ्ट्समन, असे दोघंच. जुन्या इमारती हातोडीनं ठोकून तपासायच्या, हे तिचं काम झालं. ऑफिसातली नवी पोरं तिला मागं 'हातोडी' म्हणायला लागली, आणि तिला ते नाव मनापासून आवडायचं.

आम्ही राहायचो पहिल्या मजल्यावर. आई, बाबा आणि मी. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होते. आमच्या बरोबर खाली बुटांची शोरूम. बाबा इमारतीच्या समितीचे अध्यक्ष होते आणि जिन्यातला दिवा बदलायचा असला तरी त्यांच्या सहीचा कागद निघायचा.

एका रविवारी आत्या जेवायला आली ती दारातच थांबली.

"हे दार कधीपासून अडतंय?" तिनं बाबांना विचारलं.

"अगं ताई, दमट हवेनं फुगलंय. परवाच सुतार बोलावून रंधा मारून घेतला."

"फुगलं तर दार फुगेल. चौकट कशी तिरकी होईल?" तिनं चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बोट घातलं. बोट आत गेलं. मग तिनं शेजारी टांगलेलं कॅलेंडर उचललं. त्यामागं भिंतीत एक तडा तिरका वर चढत गेला होता. आईनं तो दिसू नये म्हणूनच कॅलेंडर तिथं हलवलं होतं.

"ताई, पानं वाढलीत. आधी जेवून घ्या बाई," आई म्हणाली.

"खाली काय चाललंय?"

"शोरूमची सजावट," बाबा म्हणाले. "रीतसर परवानगी घेतलीय त्यांनी. मीच सही दिलीय."

आत्या वळली आणि चपला न घालता जिना उतरली. मी तिच्या मागं धावले. शोरूमच्या पुढं प्लायवूडचा आडोसा उभा केला होता, सुट्टीमुळे कामगार नव्हते. एक फळी सरकवून ती आत शिरली, तिच्या पाठोपाठ मी.

दोन मोठ्या खिडक्यांच्या मधे एक खांब होता. मला तो नुसता बारीक वाटला. मग खाली लक्ष गेलं. फरशीत खांबाच्या दोन्ही अंगांना ओबडधोबड खाचा होत्या. पूर्वी तिथवर खांबच होता, म्हणून तिथं फरशी बसवलेलीच नव्हती. काचा रुंद बसाव्यात म्हणून त्यांनी खांब दोन्ही बाजूंनी फोडून काढला होता. आतल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. त्यांना आवळून धरणाऱ्या रिंगा कापून कोपऱ्यात टाकलेल्या होत्या, आणि एक सळी मधोमध बाहेर वाकली होती. फारशी नाही, पण नजरेला कळेल इतकी.

आत्यानं पटापट फोटो काढले. मग म्हणाली, "बाहेर हो." इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

रस्त्यावर येऊन तिनं साहेबांना फोन लावला. फोन कानापासून हातभर लांब धरून बोलायची तिची सवय, त्यामुळे पलीकडचं बोलणं फुटपाथवरच्या सगळ्यांना ऐकू यायचं.

"तो शोरूमवाला कोण आहे माहितीये ना तुला?" साहेब म्हणत होते. "आपल्याकडे ज्याच्या टॉवरचं काम चाललंय त्या बिल्डरचा सख्खा भाऊ."

"मग?"

"मग काही नाही. जरा दमानं घे. उद्या माणसं पाठवतो, पाहणी करू, रिपोर्ट देऊ."

"तुझ्या रिपोर्टला टेकवून ठेवू का चार मजले?"

"तू उगाच लोकांना घाबरवशील."

"मी स्वतः घाबरलेय, म्हणून तुला फोन केला. तुला सवड नसेल तर ठेव." आणि फोन तिनंच ठेवला.

मग तिनं अग्निशमन दलाला कळवलं, आणि लगेच टॉवरच्या साइटवरच्या सुपरवायझरला. स्लॅब भरताना खालून लावतात ते लोखंडी टेकू तिला हवे होते, असतील तेवढे सगळे. तो बिचारा चाचरत म्हणाला, "मॅडम, ते उद्याच्या स्लॅबसाठी लावायचेत. साहेब मला उभं जाळतील."

"साहेब नुसते ओरडतील. इथं माणसं आहेत. गाडी भर आणि तू स्वतः ये."

त्यानंतरचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. आत्या अनवाणी प्रत्येक मजल्यावर गेली आणि प्रत्येक दार बडवलं. "औषधं, महत्त्वाचे कागद, लहान मुलं. बाकी काही घ्यायचं नाही, लगेच खाली." लोक ताटावरून उठले, कुणी अंघोळीतून आले, आणि सगळ्यांनी तिला शिव्या घातल्या. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर जिन्यातच ठाण मांडून बसले. "तीस वर्षं उभी आहे ही इमारत. तुम्ही कोण सांगणार?" आत्यानं त्यांच्या हाताला धरून उठवलं. मॅनेजरकाकांना कुणी हात धरून उठवण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी. ते मुकाट उतरले आणि खाली जाऊन दुप्पट ओरडले.

सगळ्यात शेवटी बाबा. ते दारात उभे होते, लालबुंद.

"ताई, समितीचा अध्यक्ष मी आहे. माझ्याशी एका शब्दानं न बोलता तू अख्खी इमारत रस्त्यावर काढलीस?"

"हो. आता तू उतर."

"तुला स्वतःचं घर नाही, संसार नाही. म्हणून दुसऱ्याचं मोडायला हात शिवशिवतात तुझे!"

आई म्हणाली, "अहो!" मी बाबांकडे बघतच राहिले. आत्याचा चेहरा एकदम उतरला. वाटलं, आता ही काहीतरी असं बोलेल की पुढं भावाबहिणीचं नातंच उरणार नाही. ती म्हणाली, "तुझ्या बीपीच्या गोळ्या घेतल्यास का?" तिनं आत जाऊन फ्रिजवरचा गोळ्यांचा डबा उचलला, माझ्या हातात कोंबला आणि आम्हा तिघांना खाली पिटाळलं.

टेकूंची गाडी आली. अग्निशमन दलाचा अधिकारी तिला म्हणाला, "बाई, तुम्ही बाहेर थांबा, आम्हाला नुसतं सांगा." ती थांबली नाही. खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली एकेक टेकू उभा राहून आवळला जाईपर्यंत ती आतच होती, आणि आतून तिचा आवाज येत होता: "तो नाही, शेजारचा! आधी इकडून! डोळे आहेत की बटणं?" मी रस्त्याच्या पलीकडे गोळ्यांचा डबा घट्ट धरून उभी होते. माझा राग सगळ्यात जास्त तिच्यावरच होता, कारण ती बाहेर येत नव्हती.

संध्याकाळपर्यंत काम झालं. इमारत पडली नाही.

आणि तेच सगळ्यांना खुपलं. दुसऱ्या दिवशी शहराच्या इमारत खात्याचे अधिकारी आले, त्यांनी आत्याचं म्हणणं मान्य केलं, इमारतीला सील लावलं. लोक नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोल्यांत विखुरले. आम्ही मामाकडे गेलो. कामाला कित्येक महिने लागले, कारण खांबाभोवती सळ्यांचा नवा पिंजरा बांधून काँक्रीट भरायचं होतं आणि वरच्या तुळया, भिंतीही दुरुस्त करायच्या होत्या. तेवढ्या महिन्यांत लोकांची खात्री पटत गेली की मुळात काही झालंच नव्हतं. "एक वीट तरी हलली का?" मॅनेजरकाका भेटेल त्याला विचारायचे. कुणीतरी उठवलं की आत्यानं आपल्या फर्मला काम मिळावं म्हणून हे केलं. मला एका शेजारणीनं भाजीच्या दुकानात तोंडावर ऐकवलं, तेव्हा मी हातातली पिशवी तिथंच टाकून निघून आले. नाहीतर ती मी तिच्या डोक्यात घातली असती. बाबा आत्याशी बोलत नव्हते. तिचं नाव निघालं की उठून गॅलरीत जायचे.

ऑफिसात वेगळीच तऱ्हा. आधी साहेबांनी टेकूंवरून आत्याला झाडलं, कारण टॉवरचा स्लॅब लांबला होता आणि बिल्डर तोंडाला येईल ते बोलला होता. मग वर्तमानपत्रात बातमी आली की एका इंजिनिअरिंग फर्मच्या तत्परतेमुळे मोठी दुर्घटना टळली. साहेबांचा सूर रातोरात बदलला. फर्मला पंचवीस वर्षं होणार होती, त्यानिमित्त अलीकडच्या कामांचं आणि यशाचं एक गुळगुळीत, जाडजूड पुस्तक छापायचं चाललं होतं. त्यात आमच्या इमारतीला एक अख्खं पान मिळालं. फोटोत डोक्यावर हेल्मेट घातलेले साहेब, नव्या खांबावर हात ठेवून. साहेब त्या इमारतीत पहिल्यांदा आले ते फोटो काढायलाच.

पुढचं मी आत्याकडूनही ऐकलं आणि त्या ड्राफ्ट्समनकडूनही. दोघांच्या सांगण्यात फरक फक्त शिव्यांचा होता. ड्राफ्ट्समन त्या गाळून सांगायचा.

पुस्तकाचे गठ्ठे छापखान्यातून आले तेव्हा ती एक प्रत घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांना वाटलं, नाव नाही म्हणून चिडली. ते म्हणाले, "अगं, समारंभात तुझा उल्लेख करणार आहे मी. स्टेजवर बोलावतो की."

"खड्ड्यात गेला तुझा स्टेज. हे वाच." आणि तिनं बोट ठेवून स्वतःच वाचलं. "'वयोमानामुळे खचलेल्या खांबास शोरूममालकांच्या सहकार्याने तातडीने आधार देण्यात आला.' वयोमानामुळे?"

"तो बिल्डर आपलं गिऱ्हाईक आहे. त्याच्या भावाला चोर म्हणून छापू?"

"काहीच छापू नकोस. पान फाड. पण हे छापलंस तर उद्या प्रत्येक दुकानदार खांब फोडेल आणि म्हणेल, म्हातारा झाला होता."

"हे जाहिरातीचं पुस्तक आहे, कोर्टाचा निकाल नाही. कोण वाचतं?"

"मी वाचलं," आत्या म्हणाली.

साहेब म्हणाले, छापून झालंय, आता काही होणार नाही. आत्यानं टेबलावरचाच एक कोरा कागद ओढून राजीनामा लिहिला. लिहिताना पेन चालेना, म्हणून ती पेनवरही ओरडली. मग मागच्या खोलीतून तिनं हातोडी, डबा आणि छत्री घेतली आणि निघून आली.

कोण वाचतं, ते दोन महिन्यांनी कळलं. इमारत खात्यानं शोरूमवाल्याला नोटीस दिली होती की खांब तू फोडलास, दुरुस्तीचा खर्च तुझा. त्याची सुनावणी होती. एका लांबट खोलीत, हिरव्या कापडाच्या टेबलामागं अधिकारी बसले होते. समोर खुर्च्यांवर आम्ही इमारतीतले लोक. आत्या पहिल्या रांगेत. बाबा तिच्यापासून होता होईल तितके लांब, भिंतीला लागून. आत्यानं फोटो दाखवले, सगळं सांगितलं. मग शोरूमवाल्याचा वकील उठला आणि त्यानं पिशवीतून काय काढलं? फर्मचं पुस्तक.

"काँक्रीट आधीच सडलं होतं, आपोआप गळत होतं," तो म्हणाला. "माझ्या अशिलानं फक्त सुटे तुकडे काढले. हे मी म्हणत नाही. या बाईंचीच फर्म म्हणते, फोटोसकट." त्यानं ते वाक्य मोठ्यानं वाचलं.

आत्या उठून ओरडायला लागली. अधिकाऱ्यांनी तिला खाली बसायला सांगितलं. ती बसेना. वकील हसला. "साहेब, यांचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. ऑफिसनं यांना मागच्या खोलीत टाकलं. सख्ख्या भावानं यांच्याशी संबंध तोडले. अशा चिडक्या, एकट्या बाईच्या शब्दावर—"

"संबंध तोडले असं कोण म्हणालं?"

आवाज भिंतीजवळून आला. बाबा उभे होते.

"तुम्ही बोलत नाही ना त्यांच्याशी?" वकील म्हणाला.

"बोलत नाही, ते माझं मी बघीन. तुम्ही मधे पडायचं कारण नाही. चिडकी आहे ती. फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून चिडकी आहे. पण तिला खोटं ठरवायला निघालात तर याद राखा!"

अधिकाऱ्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"समितीचा अध्यक्ष. परवानगीवर सही माझी आहे." बाबांचा आवाज फाटला. "खाली दोन दिवस काँक्रीट फोडायचं मशीन चाललं होतं. माझ्या पायाखालची फरशी थरथरत होती. मी खाली गेलो होतो. खांब चांगला धडधाकट होता. फोडताना ठिणग्या उडत होत्या. मी विचारलं तर यांचा मुकादम म्हणाला, नुसतं प्लास्टर काढतोय. मी परत वर आलो. सडलेलं काँक्रीट फोडायला दोन दिवस मशीन लागतं का हो?"

शोरूमवाला वकिलाच्या कानाला लागला. अधिकाऱ्यांनी बाबांचं म्हणणं लिहून घेतलं, त्यांची सही घेतली. आठवड्याभरात निकाल लागला. खांब फोडल्याचा ठपका शोरूमवर बसला, दुरुस्तीचा खर्चही त्यांच्याच माथी गेला आणि खिडक्या पहिल्यासारख्या अरुंद करायचा हुकूम निघाला.

पण मला निकालापेक्षा सुनावणी संपल्यावर त्या कचेरीच्या पायऱ्यांवर झालं ते जास्त आठवतं. मला वाटलं होतं, आता दोघं गळ्यात पडून रडतील. आत्या बाहेर आली ती थेट बाबांच्या अंगावर.

"दोन दिवस? दोन दिवस ऐकत बसलास तू?"

"ताई—"

"ठिणग्या बघितल्यास आणि वर येऊन चहा प्यायलास? वर तुझी पोरगी झोपत होती!"

"मला वाटलं, एवढी मोठी माणसं आहेत, कुणाला तरी विचारून करत असतील."

"हेच सगळ्यांना वाटतं! मेलेल्यांनाही हेच वाटलेलं असतं!"

येणारे-जाणारे थांबून बघत होते. बाबा हातातली पिशवी दोन्ही हातांनी धरून, खाली मान घालून ऐकत उभे होते. मधेच त्यांनी डोळे पुसले. ती थांबली नाही. बसस्टॉपपर्यंत, बसमध्ये आणि बसमधून उतरल्यावरही ती बोलतच होती. आमच्या मामाच्या दारात पोचल्यावर ती म्हणाली, "आणि त्या दिवशी मला संसारावरून बोललास, ते मी विसरलेले नाही." बाबा म्हणाले, "विसरू नकोस." मग ती आत आली आणि आईला म्हणाली, "वाढ. भूक लागलीय."

आम्ही घरी परतलो. कुणी आभार मानले नाहीत. उलट बाबांनी आपल्या तोंडानं कबूल केल्यावर लोकांचा राग त्यांच्यावर उलटला आणि त्यांचं अध्यक्षपद गेलं. नवे अध्यक्ष मॅनेजरकाका. ते जिन्यात भेटले की मी मान दुसरीकडे फिरवते. आई म्हणते, जाऊ दे. माझ्याकडून जात नाही.

फर्मचा समारंभ थाटात झाला म्हणे. पुस्तक अजूनही त्यांच्या स्वागतकक्षात असतं, आणि त्यातलं ते वाक्य तसंच आहे.

आत्यानं एका सायकलच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. पंधरा दिवसांत तो ड्राफ्ट्समनही आपली खुर्ची उचलून तिथं आला. मोठं असं काम त्यांना मिळत नाही. कुणाची गळती गच्ची, कुणाला दोन खोल्यांची एक करायची असते, कुठं शाळेची जुनी गॅलरी. दुपारी बाबा जातात. निवृत्त माणूस, दुसरं काम काय? नकाशांच्या गुंडाळ्या ते लावून ठेवतात आणि त्या आपल्याला सापडत नाहीत म्हणून आत्या ओरडते. गिऱ्हाईक बऱ्याचदा जिन्यातच थांबतं, आत कुणाची तरी मारामारी चाललीय असं वाटून. मग ड्राफ्ट्समन डोकं बाहेर काढून सांगतो, "या, या. घरचंच आहे."